मृग दिसत नाही तेव्हा

मे सरत आला की आमच्या भागात लोक भिंतीवरच्या कॅलेंडरापुढे जरा जास्त वेळ रेंगाळतात. "औंदा मिरगाचं वाहन काय हाय?" हा प्रश्न पारावर असतो, बी-बियाण्याच्या दुकानात असतो, एसटीत असतो, आणि रविवारी उपासना सुटल्यावर चर्चच्या पायऱ्यांवरही असतो. बेडूक किंवा म्हैस निघाली की चेहरे खुलतात. कोल्हा निघाला की कोणीतरी "ह्यॅ, छापणाऱ्याला काय कळतंय" म्हणून विषय बदलतो. आमच्या पाळकसाहेबांना हे अजिबात पसंत नाही. पाऊस कोणत्या जनावरावर बसून येतो हे पवित्र शास्त्रात कुठेही लिहिलेलं नाही, असं ते दरवर्षी सांगतात. माझे काका दरवर्षी मान डोलावतात आणि घरी जाता जाता शेजाऱ्याकडून वाहन विचारून घेतात. काकांची जालना जिल्ह्यात कोरडवाहू जमीन आहे. कापूस, सोयाबीन, मध्ये तुरीची तासं. विहिरीत पाणी फार तर फेब्रुवारीपर्यंत. अशा माणसाला शास्त्रही लागतं आणि कॅलेंडरही.

वाहन शास्त्रात नाही हे खरं, पण मृग आहे. बायबलातल्या ईयोबाच्या, म्हणजे सगळं गमावून देवाला जाब विचारणाऱ्या माणसाच्या, पुस्तकात आहे आणि आमोसाच्याही. दोन्हीकडे तो कृत्तिकांच्या सोबतीने येतो, आपल्या आभाळात येतो तसाच. मला यातला आमोस जास्त जवळचा. इसवी सनापूर्वी आठव्या शतकातला हा माणूस, बेथलेहेमच्या दक्षिणेला तकोवा म्हणून गाव आहे तिथला. मेंढरं राखायचा, उंबराच्या झाडांची निगा करायचा. शिकलेला संदेष्टा नव्हे, आणि तसं तो स्वतःच सांगतो. हा गडी बेथेलात जाऊन राजाच्या याजकासमोर नाही नाही ते बोलला, तेव्हा याजकाने त्याला सुनावलं, की तू आपल्या मुलखात जा आणि तिथेच पोट भर. आता गंमत अशी की आमच्या जालन्यालाही एक बेथेल आहे. रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी एकोणिसाव्या शतकात, निजामाच्या राज्यात, जालन्याजवळ ख्रिस्ती लोकांसाठी वसवलेलं. त्यामुळे लहानपणी आमोसाची गोष्ट ऐकताना मला तो माणूस जालन्याच्या मोंढ्यातून चालत बेथेलला गेला असाच दिसायचा. अजूनही तसाच दिसतो.

त्याच्या पाचव्या अध्यायात एक वचन आहे. ज्याने कृत्तिका आणि मृग घडवले, जो अंधाराची पहाट करतो, जो समुद्राच्या पाण्याला बोलावून जमिनीवर ओततो, त्याला शोधा, अशा अर्थाचं. आमच्या शेतकऱ्याला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. मृग आणि समुद्राचं पाणी एका दमात घेतलं की तो मान वर करतो. हा तर पेरणीचा विषय!

पण जरा आकाशात बघायला गेलं की घोळ होतो. सात-आठ जूनला मृग लागतो तेव्हा मृग दिसतच नाही. सूर्य त्याच भागात आलेला असतो, त्यामुळे तो बिचारा साधारण सूर्याबरोबर उगवतो आणि सूर्याबरोबर मावळतो. ज्याची गावभर चर्चा चालू आहे तो दिवसाढवळ्या डोक्यावरून जातो आणि कोणालाच दिसत नाही. बघायचा तर नाताळात बघावा. चोवीस डिसेंबरला मध्यरात्रीची उपासना आटपून, कॅरलवाल्या पोरांचे घसे बसलेले असताना बाहेर यावं आणि वर पाहावं. जवळपास डोक्यावर, थोडा दक्षिणेला, पूर्ण मृग पसरलेला असतो. मधले ओळीतले तीन तारे म्हणजे तिकांडं, हरणाला लागलेला बाण. तो मारणारा व्याध खाली डावीकडे लखलखत असतो. वरच्या कोपऱ्यात तांबूस काक्षी, समोर खालच्या बाजूला निळसर राजन्य. तिकांड्याच्या खाली नीट पाहिलं तर धुरकट ठिपका दिसतो. तो तारा नाही. सुमारे १३५० प्रकाशवर्षांवरचा तो वायूचा आणि धुळीचा ढग आहे आणि त्यात आजही तारे जन्माला येताहेत. सृष्टीचं काम सहाव्या दिवशी आटोपून कुलूप घातलं असं ज्यांना वाटतं, त्यांना हा ठिपका दाखवावा.

काक्षीचं तर वेगळंच. तो आपल्यापासून पाचशे ते सातशे प्रकाशवर्षं दूर असावा असा अंदाज आहे. म्हणजे आज डोळ्यांत शिरणारा त्याचा उजेड निघाला तेव्हा तुघलकाने १३२७ मध्ये राजधानी देवगिरीला हलवली तो सुमार होता, नाहीतर त्यानंतरची बहामनी राजवट. आपल्या सूर्याच्या जागी त्याला ठेवला तर पृथ्वी त्याच्या पोटात जाईल एवढा तो मोठा. २०१९ च्या शेवटाला तो अचानक मंदावत गेला आणि आता फुटणार म्हणून जगभर बोलबाला झाला. पुढे निघालं असं की त्यानेच बाहेर टाकलेल्या द्रव्याची धूळ होऊन ती आडवी आली होती. धुळीने सगळं झाकोळणं आम्हाला नवं नाही, पण ताऱ्यालाही ते होतं हे ऐकून बरं वाटलं.

तर आमच्याकडे मृग दिसतो तो कोरड्या थंडीत, आणि पाऊस येतो तो मृग दिसेनासा झाल्यावर. आमोसाच्या मुलखात नेमकं उलट. तिथे पाऊस हिवाळ्याचा, ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंतचा. संध्याकाळी पूर्वेला मृग चढू लागला की तिथले लोक ढगांकडे बघायला लागत असणार. त्याच्या तोंडी कृत्तिका, मृग आणि पाऊस एका ओळीत आले ते मला म्हणूनच अगदी साहजिक वाटतं. मेंढरांमागे रात्री काढणाऱ्या माणसाचं ते रोजचं पाहणं होतं. तेच तारे आमच्या वाट्याला आले ते मात्र न पाहता भरवसा ठेवण्यासाठी. यावर पाळकसाहेबांनी एक चांगलं प्रवचन करावं असं मी सुचवलं होतं. त्यांनी वाहनाच्या विरोधातलंच पुन्हा केलं.

आणखी एक गोष्ट आहे. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा अगदी संथ डुलतो, म्हणून सूर्य मृगात येण्याची तारीख साधारण बहात्तर वर्षांत एक दिवस पुढे सरकते. आमोसाच्या काळी इथे कोणी शेतकरी असेल, तर त्याचा मृग सव्वा महिना आधी, मेच्या सुरुवातीला लागत असणार, रखरखीत उन्हात. पाऊस ऋतूला बांधलेला, नक्षत्राला नाही. अजून दोनेक हजार वर्षांनी मृग जुलैत जाईल आणि त्याच्या भरवशावर थांबलेला माणूस पेरणीला मुकेल. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात देव आकाशात ज्योती ठेवतो त्या चिन्हांसाठी, ऋतूंसाठी, दिवस आणि वर्षं कळण्यासाठी. ते कॅलेंडर एकदा छापून टांगलेलं नाही, ते चालतं आहे, हे मला या सरकण्यामुळे पटलं.

पहिला चांगला पाऊस झाला की बांधावर मृगाचे किडे निघतात. लाल मखमलीचे, बोटाने स्पर्श केला की पाय पोटाशी घेऊन गप्प पडणारे. लहानपणी आम्ही ते काडीपेटीत भरून शाळेत नेत असू. किडा म्हणतात खरं, पण पाय आठ. जवळचं नातं कोळ्याशी. वर्षातला बहुतेक काळ हे महाराज जमिनीखाली असतात. ओल खाली उतरली की वर येतात, वाळवी वगैरे खातात, जोडीदार शोधतात आणि पुन्हा मातीत. त्याला कॅलेंडर नाही, वाहन नाही, हवामानखात्याचा अंदाज नाही. परभणीच्या कृषी विद्यापीठाची माणसं सांगतात की ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. तो सल्ला या किड्याला देण्याची कधी गरज पडलेली नाही. पहिल्या शिडकाव्यावर घाईने पेरून दुबार पेरणीच्या फेऱ्यात सापडतो तो माणूसच.

अशा गोष्टी पाहिल्या की मला निर्माणकर्ता आठवतो. मी तो मानते, पूर्ण मानते. पण मंडळीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सृष्टीच्या चमत्कारांचे जे निरोप फिरतात ते पाहून जीव कसनुसा होतो. एक दरवर्षी येतो: पृथ्वी सूर्याच्या दहा किलोमीटर जवळ असती तर आपण जळून गेलो असतो, दहा किलोमीटर लांब असती तर गोठलो असतो, म्हणून देवाची स्तुती असो. अहो, पृथ्वी जानेवारीच्या सुरुवातीला सूर्यापासून सुमारे १४.७ कोटी किलोमीटरवर असते आणि जुलैच्या सुरुवातीला १५.२ कोटींवर. दरवर्षी पन्नास लाख किलोमीटर मागेपुढे. आणि जवळ असते तेव्हा आपण स्वेटर घालून शेकोटीला बसलेलो असतो! दुसरा एक व्हिडिओ कृत्तिकांचा. देव ईयोबाला विचारतो, कृत्तिकांना तू बांधशील काय, मृगाचे बंध सोडशील काय? बघा, म्हणे, गुरुत्वाकर्षणाने कृत्तिका बांधलेल्या आहेत हे बायबलला आधीच ठाऊक होतं. त्या बांधलेल्या आहेत हे खरंच आहे, पण तेच खगोलशास्त्रज्ञ हेही सांगतात की सुमारे पंचवीस कोटी वर्षांत तो पुंजका पांगून जाईल. मग त्या वचनाचं काय करायचं? तिथे देव भौतिकशास्त्र शिकवत नाही. तो ईयोबाला विचारतो आहे, की तुला जमेल का? उत्तर 'नाही' आहे. तेवढं पुरे. त्याच पुस्तकात, तेराव्या अध्यायात, ईयोब आपल्या मित्रांना विचारतो, की देवाची बाजू घेण्यासाठी तुम्ही खोटं बोलणार का? हे वचन ग्रुपवर टाकलं. दोघांनी हात जोडलेलं चित्र पाठवलं आणि दुपारी दहा किलोमीटरवाला निरोप पुन्हा आला.

आमचे अण्णा, म्हणजे वडील, सहा दिवस म्हणजे सहा दिवसच मानायचे, आणि जगाचं वय सहा हजार वर्षं. मी विचारायचे, सूर्य चौथ्या दिवशी झाला, मग पहिल्या तीन दिवसांची संध्याकाळ कशी झाली? ते म्हणायचे, "ते त्याचं तो बघून घेईल." पुढे वाचताना कळलं की पाचव्या शतकातल्या संत ऑगस्टिनलाही ते दिवस कसले होते याची कल्पना करणं जवळपास अशक्य वाटलं होतं. म्हणजे हा प्रश्न काही दुर्बिणी आल्यावर निघालेला नाही. विश्व प्रसरण पावत आहे असं १९२७ मध्ये मांडणारा बेल्जियमचा जॉर्ज लमेत्र तर स्वतः धर्मगुरू होता. प्रसरण पावतंय म्हणजे कधीतरी सुरुवात झाली असणार, म्हणून १९५१ मध्ये पोपनी त्या सिद्धान्तात निर्मितीचा पुरावा पाहिला तेव्हा हा धर्मगुरूच नाराज झाला. त्याची श्रद्धा त्या सिद्धान्ताच्या टेकूवर उभी नव्हती. मला हा माणूस फार आवडतो.

आता तर हे सगळं आमच्या शेजारी येऊन ठेपलंय. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडियाची वेधशाळा होते आहे. केंद्राने २०२३ मध्ये सुमारे २६०० कोटींची मंजुरी दिली. काटकोनात चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, आत लेझर, आणि मोजायचं काय, तर त्या भुजांच्या लांबीत पडणारा फरक, जो प्रोटॉनच्या हजाराव्या भागाहूनही लहान. अमेरिकेतल्या अशा दोन वेधशाळांनी १४ सप्टेंबर २०१५ रोजी पहिली गुरुत्वीय लहर, म्हणजे खुद्द अवकाशाला ताणत-आखडत जाणारी लाट, पकडली. दोन कृष्णविवरं एकमेकांत विरघळली होती, सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षांवर. तिथून निघालेला तो थरथराट एवढा प्रवास करून आला, तेव्हा कुठे तो ऐकणारं यंत्र नुकतंच तयार झालं होतं. अण्णांची सहा हजार वर्षं आणि त्या लहरीची १३० कोटी वर्षं यांची बेरीज काही जमत नाही. पण अण्णांशी यावर वाद घालायला मिळाला असता तर मजा आली असती. ते म्हणाले असते, "ऐकू दे की. केलंय त्यानंच."

मला खरं अडतं ते वेगळीकडेच. ईयोबाच्या अडतिसाव्या अध्यायात देव विचारतो, की जिथे माणसाची वस्ती नाही अशा ओसाड रानावर पाऊस पाडायला वाट कोणी काढली? सगळं जग आपल्यासाठीच चाललेलं नाही, हे एवढं रोखठोक कुठे सांगितलेलं मला माहीत नाही. आणि आमोसाच्या चौथ्या अध्यायात आहे, एका गावावर पाऊस पडला, दुसऱ्यावर नाही. एका शेताला मिळाला आणि दुसरं वाळून गेलं. लोक पाण्यासाठी गावोगाव भटकले. ज्यांनी २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी येताना पाहिलं, त्यांना हे जुन्या करारातलं वाटणार नाही.

मागच्या एका जुलैत पावसाने मोठी दडी मारली होती तेव्हा काकांच्या घरी प्रार्थनेला आम्ही जमलो आणि हेच अध्याय वाचले. काका मध्येच बोलले, "जिथं माणूस न्हाई तिथं पाडतो म्हणं. मंग आमच्या बरडावर दोन सरी टाकायला काय व्हतं?" पाळकसाहेब गोरेमोरे झाले. मी म्हटलं, काका, ईयोबही असंच बोलला होता. देवाने त्याला फैलावर घेतलं खरं, पण शेवटी राग धरला तो त्याच्या मित्रांवर, देवाची वकिली करत बसले म्हणून. ईयोब माझ्याविषयी नीट बोलला, असं देवानेच सांगितलं.

"आन् फुडं?"

पुढे त्याला सगळं दुप्पट मिळालं. मी बेचाळिसावा अध्याय उघडून वाचून दाखवला. चौदा हजार मेंढरं, सहा हजार उंट, बैलांच्या एक हजार जोड्या, हजार गाढवी.

काका थोडा वेळ मनात हिशेब करत राहिले. "हजार जोड बैल," ते म्हणाले. "मंग पाऊस पडलाच आसंल. न्हाईतर येवढ्यांला वैरण कुठली?"