पाबे घाटाने वेल्ह्याला, आणि गेलो त्याच वाटेने परत

पुण्याजवळ सायकलला निवांत रस्ता कुठला, असं विचारलं की पानशेत, लवासा, ताम्हिणी ही नावं ठरलेली. नावं चुकीची नाहीत, फक्त रविवारी त्यांच्या नादी लागू नये. ज्या रस्त्याच्या टोकाला धरण, धबधबा किंवा हुरडा पार्टी आहे तिथे सुट्टीच्या दिवशी निम्मं पुणं पोचलेलं असतं, आणि उरलेलं वाटेत गाड्या लावून सेल्फी काढत असतं. माझा हिशेब साधा आहे. डांबर आहे, चढ आहे, पण मोटारवाल्याला त्याच गावाला जायला दुसरा सोपा रस्ता आहे, असा घाट शोधायचा. पाबे घाट तसाच आहे. तोरण्याच्या पायथ्याच्या वेल्ह्याला जाणारी मोटार सहसा महामार्गाने नसरापूर गाठते आणि मार्गासनीवरून आत शिरते. खडकवासला, खानापूर, रांजणे, पाबे ही वाट मग गावकऱ्यांना, दूधवाल्यांना आणि आपल्याला उरते.

दिवाळी आटोपल्यावर नोव्हेंबरमधल्या एका बुधवारी मावसभाऊ आणि मी निघालो. बुधवार मुद्दाम. त्याने रजा टाकली होती, मला रजा टाकावी लागत नाही. स्वारगेटहून वेल्हं या वाटेने साधारण ५०-५५ किलोमीटर पडतं, म्हणजे जाऊन-येऊन शतक होतं. ज्यांना आकड्यांची हौस आहे त्यांचीही सोय.

सिंहगड रस्त्याबद्दल बोलण्यासारखं काही नाही. तो अंधारात उरकायचा. आम्ही सव्वापाचला निघालो, तेव्हा धायरी फाट्यावर फक्त भाजीचे टेम्पो आणि कंपनीच्या बसची वाट बघणारी माणसं होती. पुढे-मागे दोन्ही दिवे हवेत, आणि मागचा नुसता लुकलुकणारा नको, एक स्थिर लाल दिवाही असू द्या. किरकटवाडीच्या पुढे रस्त्याच्या कडेला वाळू आणि खडी साचलेली असते, अंधारात ती दिसत नाही, तेव्हा फार कडेने जाऊ नका.

खडकवासल्याला उजाडायला लागलं. १८७९ साली पुरं झालेलं हे धरण शहराच्या इतकं जवळ आहे की त्याच्या काठची चौपाटी संध्याकाळी जत्रेसारखी भरते. पहाटे मात्र भजी आणि कणसांच्या गाड्या ताडपत्रीखाली असतात आणि पाण्यावर धुकं असतं. इथून डोणज्यापर्यंत रस्ता पाण्याला धरून जातो. डोणज्याच्या फाट्यावर सिंहगडाचे लोक डावीकडे वळतात. कामाच्या दिवशीही पहाटे गडाकडे दुचाक्यांची रांग असते, ती तिथे सुटते आणि आवाज एकदम कमी होतो. सहलीची खरी सुरुवात मी इथून धरतो.

खानापुरात थांबायचंच. पोहे, वडापाव, चहा, जे मिळेल ते खाऊन घ्या आणि बाटल्या काठोकाठ भरा. पुढे वेल्ह्यापर्यंत हमखास उघडं असेल असं काही धरून चालू नये. माणशी दोन लिटर पाणी हिवाळ्यातही लागतं. खानापुरातून पानशेतचा रस्ता सरळ जातो, आपण डावीकडे रांजण्याच्या दिशेने वळायचं. वळल्यावर पहिली गोष्ट लक्षात येते ती ही, की आपल्या सायकलची चेन किती वाजते. इतका वेळ ती ऐकूच आलेली नसते.

रांजण्यापर्यंत रस्ता सौम्य वर-खाली आहे. दोन्ही बाजूंना भातखाचरं, काही कापलेली, काही उभी. गाव मागे पडलं की घाट अंगावर येतो. सिंहगडाची डोंगररांग पश्चिमेला पुढे सरकते आणि तिच्यातच ही पाब्याची खिंड आहे, त्यामुळे चढताना मागे वळून पाहिलं की खाली खडकवासल्याचं पाणी आणि डावीकडून पुढे आलेला डोंगर, असं सगळं एकदम दिसतं. चढ सलग नाही. एक वळण श्वास घेऊ देतं, पुढचं तो परत मागून घेतं. आतल्या बाजूने वळण कापलंत तर चढ भलताच उभा लागतो. समोर-मागे काही नाही याची खात्री करून वळणाची बाहेरची बाजू धरली की पाय वाचतात. हे रिकाम्या रस्त्यावरच परवडतं, म्हणून म्हणतो, बुधवारी या.

गिअरबद्दल लोक फार विचारतात. रोड बाईकला पुढच्या लहान चकतीला ३४ आणि मागच्या मोठ्या चकतीला ३२ दात असतील तर बसून चढता येईल. मागची कॅसेट, म्हणजे मागच्या चाकावरच्या चकत्यांचा संच, २८ दातांवर थांबत असेल तर वरच्या वळणांवर उभं राहून पेडल मारायची तयारी ठेवा. मावसभावाकडे साधी हायब्रिड आहे, तिला पुढे तीन चकत्या, म्हणजे गिअर हलके. तो घाटात माझ्या मागे होता, पण गप्पा मारत होता. मला उत्तर द्यायला दम नव्हता. भारी सायकलींचं कौतुक करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

वर पोचेपर्यंत आम्हाला भेटलं ते असं: दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन लावलेल्या दोन मोटारसायकली, शाळेची मुलं भरलेली एक जीप, आणि रस्त्याच्या मधोमध उभी राहून आमच्याकडे विचारात पडल्यासारखी बघणारी एक म्हैस. म्हशीला घंटी वाजवू नका, ती आणखी विचारात पडते. सावकाश कडेने जा. कुत्र्यांचं मात्र उलट आहे. वाडीजवळ एखादं मागे लागलंच तर उतरा आणि सायकल मधे धरून चालायला लागा, बहुतेकांचा उत्साह तिथेच मावळतो.

खिंडीत पोचल्यावर समोर उजवीकडे तोरणा आणि डावीकडे राजगड. दोन्ही एका नजरेत. तोरणा १,४०३ मीटर उंच आहे, पुणे जिल्ह्यात याहून उंच गड नाही, आणि त्याचा पसारा इतका की प्रचंडगड हे दुसरं नाव त्याला शोभतं. राजगडाचा बालेकिल्ला लगेच ओळखू येतो. दोघांना जोडणारी डोंगराची सोंडही दिसते, जिच्यावरून ट्रेकवाले एका गडावरून दुसऱ्यावर चालत जातात. खिंडीच्या अलीकडे पडलेला पाऊस मुठेला मिळतो, पलीकडचा कानंदी-गुंजवणीतून नीरेला. शेवटी दोन्ही पाणी भीमेलाच जातं, पण एक रांजणगाव सांडसाजवळ आणि दुसरं पार नीरा नरसिंगपूरला. मावसभावाला हे सांगितलं तर तो म्हणाला, "म्हणजे पाणीसुद्धा लांबच्या रस्त्याने जातं."

उतार काळजीचा आहे. पाब्याच्या बाजूला वळणं आंधळी आहेत आणि पावसाळ्यात वाहून आलेली बारीक खडी नोव्हेंबरातही वळणाच्या पोटात पडून असते. ब्रेक वळणाच्या आधी लावायचे, वळणात नाही. रिम ब्रेकवाल्यांनी घरून निघतानाच पॅड बघून घ्यावेत. अधूनमधून थांबून रिमला हात लावून पाहा, फार तापली असेल तर पाच मिनिटं बसा. बसायला जागा वाईट नाही. घाटात मोबाईलची रेंज येते-जाते, म्हणून कुठे चाललोय आणि कधी परतू हे खानापुरातूनच घरी कळवून ठेवावं.

खाली पाबे गावाजवळ भाताची झोडणी चालली होती. पेंढ्या हातात धरून लाकडी बाकड्यावर आपटायच्या, दाणे खाली अंथरलेल्या ताडपत्रीवर, आणि झोडलेला पेंढा बाजूला रचायचा. हवेत बारीक कुसळं उडत होती आणि ती घामेजलेल्या मानेवर चिकटून खाजत होती. पाणी प्यायला थांबलो तर झोडणाऱ्यांपैकी एका आजींनी विचारलं, "कुठनं आला रं?"

"पुण्याहून, आजी."

"सायकलीवर? गाडी नाय का?"

"आहे की. मुद्दाम सायकल आणली."

आजी शेजारणीकडे वळल्या. "ऐकलंस का, मुद्दाम म्हनं!" मग दोघीही पोटभर हसल्या, आणि आम्हाला तांब्याभर पाणी मिळालं.

पाब्यापासून वेल्ह्यापर्यंत रस्ता तोरण्याकडे तोंड करून जातो. वेल्हे तालुक्याचं नाव आता राजगड झालंय, पण लोकांच्या तोंडी वेल्हंच आहे. गावात ट्रेकवाल्यांमुळे जेवणाची सोय बरी. आधी सांगून ठेवलंत तर पिठलं-भाकरी, इंद्रायणीचा भात मिळतो, मात्र कामाच्या दिवशी गेल्या गेल्या ताट येईल अशी अपेक्षा नको. आम्ही मिसळीवर भागवलं. सायकलचं दुकान शोधू नका. दोन ट्यूब, पंक्चरचं सामान, पंप आणि चेनची एक जोडकडी आपली आपण न्यायची. टायर फाटला तर एखादा पिकअपवाला नसरापूरपर्यंत सोडतो, पैसे आधी ठरवून घ्या.

आता परतीचं. सायकलवाल्यांना फेरीचा, म्हणजे एका रस्त्याने जाऊन दुसऱ्याने येण्याचा, फार मोह असतो. नकाशावर ती सुंदर दिसते: वेल्हं, मार्गासनी, नसरापूर, चेलाडी फाट्याला महामार्ग, तिथून नऊ-दहा किलोमीटर खेड शिवापूर, मग कोंढणपूरवरून सिंहगडाच्या घाटात वर निघायचं आणि गोळेवाडीला उतरायचं. यातला नसरापूरपर्यंतचा भाग छान आहे, उतरता, नदीला धरून. वाटेत बनेश्वर आहे, नानासाहेब पेशव्यांनी १७४९ साली बांधलेलं मंदिर, झाडीत, थंडगार. खेड शिवापूर ते कोंढणपूर ते अवसरवाडी हाही रस्ता मला आवडतो. पण मधले ते नऊ-दहा किलोमीटर ट्रकच्या शेजारून जायचे असतात, आणि सकाळभर जमवलेली शांतता तिथे पंधरा मिनिटांत खर्च होते. खेड शिवापूरहून सरळ कात्रजकडे जाणं तर त्याहून वाईट. तेव्हा मी आलो त्याच वाटेने जातो. घाट उलटा चढताना वेगळाच दिसतो, आणि शिवाय तो रिकामा आहे हे सकाळीच पाहून ठेवलेलं असतं.

एकच अडचण. घाटाची पाब्याकडची बाजू दक्षिणेला तोंड करून आहे, त्यामुळे सकाळी रांजण्याकडून चढताना मिळालेली सावली परतीला मिळत नाही. साडेदहाच्या आत वेल्हं सोडा. आम्ही अकरानंतर निघालो तर नोव्हेंबरातही डोक्यावरून पाणी ओतावं लागलं. मार्च ते मे या दिवसांत हा मार्ग करायचाच असेल तर खिंडीपर्यंत जाऊन परत फिरा, करवंदं आणि जांभळं तिथेही मिळतात. जुलै-ऑगस्टमध्ये घाटात दरडी येतात, धुक्यात गाड्या दिसत नाहीत आणि डांबरावर शेवाळ धरतं. तेव्हा नकोच. सप्टेंबरअखेर पाऊस ओसरला की सोनकी आणि तेरडा फुललेला असतो, तो काळ उत्तम, पण त्या दिवसांत शनिवार-रविवारी मोटारसायकलवाल्यांचे जथे इथेही येतात. रविवारशिवाय जमतच नसेल तर पहाटे साडेचारला निघा आणि बाराच्या आत खडकवासला मागे टाका. दुपारनंतर चौपाटीपाशी रस्ता तुंबतो आणि सायकलसुद्धा हातात धरून न्यावी लागते.

एवढं लांब नको असेल त्यांनी धरणाच्या पलीकडच्या काठाने जावं: कोंढवे-धावडे, कुडजे, मांडवी, सांगरुण. चढ हलके आहेत, नवख्यांना आणि मुलांना घेऊन जायला बरे. आणि ज्यांचे पाय वेल्ह्यात पोचूनही शाबूत असतील त्यांच्यासाठी रस्ता पुढे भट्टी, पासलीवरून केळदला, मढे घाटाच्या माथ्यापर्यंत जातो. तो एका दिवसात उरकायचा विषय नाही. वेल्ह्यात किंवा केळदला मुक्कामाची सोय फोनवर पक्की करून घ्या, आणि पावसाळी रविवार सोडून जा, कारण मढे घाटाला धबधबा आहे.