तुम्ही विचारलंत म्हणून: दिवाळीला दुकानात लागलेल्या मुलींना पुढे ठेवतात का?

गणपती गेले की कुणी ना कुणी विचारतंच, ताई, पोरगी बारावी झालीय, दिवाळीपुरती तुमच्या दुकानात लावा ना, आणि नंतर ठेवतील का हो तिला? पुण्यात लक्ष्मी रोडला साड्यांच्या दुकानात काउंटर बघते मी, वीस वर्षं झाली, म्हणून एकदा नीटच सांगते.

ठेवतात, पण सगळ्यांना नाही. आणि दिवाळी तोंडावर आल्यावर येऊ नका, पितृपक्षात या. ते पंधरा दिवस गिऱ्हाईक नसतं पण दिवाळीचा माल येत असतो, गठ्ठे फुटत असतात, तेव्हाच शिकवायला वेळ असतो, खरी पैठणी कुठली सेमी कुठली, उलगडलेली साडी परत त्याच घडीवर कशी घालायची वगैरे. घटस्थापनेनंतर आलेल्या मुलीला शिकवणार कोण, तिला पिशव्या भरायला उभी करतात आणि भाऊबीज झाली की हिशोब देऊन मोकळे. माझंही पहिल्या दुकानात हेच झालं होतं, उद्यापासून येऊ नको हे रात्री शटर ओढताना सांगितलं, ते अजून विसरले नाहीये.

आमचं वर्ष पंचांगावर चालतं. पाडवा, लग्नसराई, आषाढातला सेल, मग श्रावणापासून चढत चढत दिवाळी. माणसं किती घ्यायची, किती दिवस, सगळं त्यावरच. २०२४ला मे-जूनमध्ये शुक्राच्या अस्तामुळे मुहूर्तच नव्हते, जादा माणसं घेतलीच नाहीत. यंदा २०२६ला १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ, लग्नं नाहीत, पण त्याच अधिक महिन्यामुळे दिवाळी लांबली, लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला. २०२०ला तर लॉकडाऊन लागला तो ऐन पाडव्याला, २५ मार्चला, लग्नाचा माल कपाटात भरलेला आणि त्या सीझनला घेतलेल्या मुली घरी. त्यातल्या बऱ्याच परत आल्याच नाहीत.

दरवर्षीचं बघाल तर कायमची माणसं कमी होतायत, सीझनची मात्र लागतातच. २०१४पासून ऑनलाइनवाल्यांचे मोठे सेल दिवाळीच्या आधी लागतात, तेव्हापासून आमची गर्दी शेवटच्या आठ-दहा दिवसांत गोळा होते, त्यामुळे मालकाला वर्षभर माणूस सांभाळणं जड वाटतं. मुलगेही आता काउंटरवर टिकत नाहीत, चाकण-वाघोलीकडच्या गोदामांत पॅकिंगला जातात नाहीतर डिलिव्हरीला.

मग राहतं कोण? भाऊबीजेनंतर साड्या बदलून घ्यायला लोक येतात ना, तेव्हा आम्ही बघतो. विकताना सगळ्याच गोड बोलतात, पण बदलायला आलेल्या बाईला जी तोंड वाकडं न करता दहा साड्या दाखवते तिला आम्ही तुळशीच्या लग्नानंतरच्या लग्नसराईला थांबवतो, आणि लग्नसराई काढली की ती बहुतेक राहतेच.

अजून एक, हे मी प्रत्येकीला सांगते. वीस किंवा जास्त माणसं असलेल्या दुकानात वर्षात तीस दिवस काम भरलं तर सीझनच्या मुलीलाही कायद्याने बोनस मिळतो, त्या पगारावर किमान ८.३३ टक्के. म्हणून मुलीला पहिल्या दिवसापासून हजेरी स्वतःच्या वहीत लिहायला लावा, आणि पगार बँकेतच मागा. अठ्ठावीस दिवसांवर काढून टाकलेल्या मुली मी पाहिल्यात.

यंदा पितृपक्ष सप्टेंबरअखेर लागतोय. तिला सकाळी अकराच्या आत घेऊन या, तेव्हा शेठ निवांत असतात.