तुम्ही विचारलंत म्हणून: केस का नाही केली?

लग्नात, तेराव्याला, एसटी स्टँडवर, सगळीकडे हाच प्रश्न. ताई बाळंतपणात गेली, तेव्हा केस का नाही केली? आम्ही असतो तर हॉस्पिटल फोडलं असतं. बरं, फोडा. मग तालुक्यातल्या बाकीच्या बायका बाळंतपणाला कुठे न्यायच्या तेही सांगा.

ताई पुण्यात राहायची, घरापासून दहा मिनिटांवर मोठं हॉस्पिटल. पहिलं बाळंतपण म्हणून सातव्यात माहेरी आणली, आम्हीच. दाजी नको म्हणत होते, मीच म्हणालो रीत आहे. हिमोग्लोबिन कमी, 8.2 होतं, मळमळतं म्हणून ती लोहाच्या गोळ्या घेत नव्हती, मला माहीत होतं, मी बीट आणून दिलं.

रात्री पावणेबाराला मुलगी झाली, नॉर्मल. मी बाहेर फोनवर, पेढे कुठले आणायचे वगैरे. आई दोनदा येऊन म्हणाली रक्त जास्त जातंय रे, आणि मी म्हणालो बाळंतपणात जातंच. मी! ज्याला यातलं काही कळत नाही तो! नंतर वाचलं, अर्ध्या लिटरच्या वर गेलं की धोका, म्हणजे दुधाची एक पिशवी. सिस्टर एकट्या होत्या, त्यांनी इंजेक्शन दिलं, पोट चोळत राहिल्या, डॉक्टरांना फोन लावत राहिल्या. इथे रक्त नाही, जिल्ह्याला न्या. 108 यायला पाऊण तास, पुढे 62 किलोमीटर, मधे घाट. ताई म्हणाली थंडी वाजतेय, काच लाव. काच लावलेलीच होती. माझा ग्रुप तिचाच, ओ पॉझिटिव्ह, मी तिला चिकटून बसलेलो आणि उपयोग काही नाही, कारण तपासल्याशिवाय, क्रॉसमॅच म्हणजे दोघांचं रक्त जुळवून बघितल्याशिवाय असं देता येत नाही. घाट संपायच्या आधीच ती गेली.

वर्षभर मलाही केसच करायची होती. केसपेपरवर रेफरची, म्हणजे जिल्ह्याला पाठवल्याची, वेळ खोटी लिहिलीय, आजही म्हणतो, खोटी आहे. वकील म्हणाले सिस्टरवर धरता येईल. म्हणजे रात्रभर जी एकटीच हजर होती तिच्यावर? नाही केली. हा माझा मोठेपणा समजू नका, कोर्टात पहिला प्रश्न आला असता की पुण्याहून का आणली, तो मला नको होता.

मातामृत्यूची चौकशी होते, कलेक्टरांच्या बैठकीला घरच्यांना बोलवायची सोय नियमातच आहे. आम्हाला कुणी बोलावलं नाही, दाजी आणि मी अर्ज करकरून गेलो. तिथे ऐकवलं, 2018-20 मध्ये मातामृत्यूचं महाराष्ट्राचं प्रमाण लाख जन्मांमागे 33, देशाचं 97, सगळ्यात कमी केरळात, त्यानंतर आपणच. आकडा खरा आहे, पण घाटही खराच आहे ना. आम्ही एकच मागितलं, तालुक्याला रक्त साठवण केंद्र. दोन वर्षांनी फ्रीज आला, टेक्निशियन अजून नाही.

त्याच्याच चौकशीला जातो तेव्हा त्या सिस्टर भेटतात, भाची कशी आहे विचारतात. मी बरी आहे म्हणतो आणि पुढे सरकतो. कधीकधी वाटतं, करायलाच हवी होती केस.