होरेबची वाट

रात्री दोनच्या सुमारास आम्ही चालायला लागलो. ताई पुढे, मी मागे, आणि माझ्याही मागे आमचा बेदुईन वाटाड्या. इजिप्तमधल्या सीनायच्या या डोंगराला अरबीत जबल मूसा म्हणतात, मोशेचा डोंगर. उंची २,२८५ मीटर. मोशेला देवाकडून दहा आज्ञा मिळाल्या तो बायबलमधला सीनाय किंवा होरेब डोंगर हाच का, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. पायथ्याशी सेंट कॅथरीनचा मठ आहे, सहाव्या शतकात सम्राट जस्टिनियनने बांधवलेला. इतकी शतकं माणसं देवाला शोधत ज्या वाटेनं चढली, ती वाट मला पुरेशी होती.

त्या वर्षी आई गेली होती आणि माझी प्रार्थना बंद पडली होती. देव नाही असं कधी वाटलं नाही. तो फार मोठा आहे, एवढंच वाटायचं. इतका मोठा की माझं घर त्याच्या नजरेतून सुटलं असेल.

वर जायला दोन वाटा आहेत. एक ३,७५० पायऱ्यांची. एका संन्याशाने प्रायश्चित्त म्हणून त्या रचल्या असं सांगतात. दुसरी उंटांची, लांबची पण सोपी. आम्ही उंटांची धरली. शेवटच्या ७५० पायऱ्या मात्र कुणालाच चुकत नाहीत.

अर्ध्या वाटेवर वाटाड्याने खूण करून विजेऱ्या बंद करायला लावल्या. डोळे अंधाराला सरावले आणि मी जागीच थबकलो. आकाश एवढं भरलेलं असतं हे मी विसरलो होतो. मृग नक्षत्र वर आलं होतं, जवळच कृत्तिकांचा तो धूसर पुंजका. कृत्तिका बांधणं आणि मृगशीर्षाची बंधनं सोडणं तुला जमतं का, असं बायबलमध्ये देव दुःखात बुडालेल्या ईयोबाला विचारतो. तेच दोन तारकासमूह समोर होते. कृत्तिकांचा प्रकाश आपल्यापर्यंत पोचायला सुमारे ४४० वर्षं लागतात. म्हणजे मी पाहत होतो तो उजेड माझ्या पणजोबांच्याही कितीतरी आधी निघालेला. दावीद राजाही असाच कधीतरी रात्री वर पाहत उभा राहिला असेल, आणि मग आठव्या स्तोत्रातला तो प्रश्न त्याच्या तोंडून निघाला असेल: हे सारं तुझ्या बोटांचं काम, मग माणूस तो काय की तू त्याची आठवण ठेवावीस?

दावीद हे आश्चर्याने विचारतो. मला त्या रात्री त्याची भीती वाटली.

पायऱ्या सुरू होण्याआधी एक खोलगट सपाटी लागते. एलीया संदेष्टा इथेच येऊन राहिला अशी परंपरा आहे. तिथे मी बसलोच. दम लागला होता आणि पुढे जायची इच्छाही उरली नव्हती.

"ताई, तू हो पुढं. मी इथंच थांबतो."

तिने पाण्याची बाटली आणि भाकरीचा तुकडा माझ्या हातात ठेवला. "आधी खा. मग बोलू."

मी खाल्लं. आणि खाता खाता एलीयाची गोष्ट मला पहिल्यांदा नीट कळली. आपण सगळे वारा, भूकंप, अग्नी आणि त्यानंतरची ती मंद वाणी लक्षात ठेवतो. पण ते सारं होरेबावर घडलं. त्याआधी, होरेबाची चाळीस दिवसांची वाट अजून पुढे असताना, रानात एका झुडपाखाली तो मरण मागत झोपला होता. तेव्हा देवाने त्याला उपदेश केला नाही. दूताने त्याला हात लावून उठवलं. उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर होती आणि पाण्याचा कुजा होता. एलीया खाऊन पुन्हा झोपला. दूताने त्याला झोपू दिलं, मग पुन्हा उठवलं आणि म्हणाला, खा, वाट तुला भारी आहे.

ज्याने कृत्तिका बांधल्या त्याने निखाऱ्यांवरची भाकरही पाहिली.

"एकशे सत्तेचाळीसावं स्तोत्र आईचं आवडतं होतं," ताई अंधारात म्हणाली. मला ते पाठ होतं, तरी मी कधी थांबून पाहिलं नव्हतं. एका वचनात देव भग्नहृदयी लोकांच्या जखमा बांधतो, आणि लगेच पुढच्यात ताऱ्यांची गणती करून एकेकाला नावाने हाक मारतो. दोन्हींच्या मध्ये 'पण' नाही. मी आजवर तो 'पण' स्वतःच घालून वाचत होतो. लहान देव असता तर त्याला निवड करावी लागली असती, तारे सांभाळू की या माणसाजवळ बसू. ज्याच्या सामर्थ्याला अंत नाही, त्याला ती निवड कशाला करावी लागेल?

पायऱ्या चढताना वाटाड्या मागून उजेड धरत होता, माझी सावली पायरीवर पडू नये म्हणून जरा बाजूने. शिखरावर १९३४ साली बांधलेलं छोटं चर्च आहे. सूर्योदय झाला, तांबड्या ग्रॅनाइटच्या रांगांमागून रांगा उजळत गेल्या. कुणीतरी कोरियन भाषेत गात होतं. मला आठवतं ते एवढंच की मी तोंड उघडलं आणि कित्येक महिन्यांनी 'पित्या' हा शब्द निघाला.

उतरल्यावर मठाचं दार उघडलेलं होतं. आत एक हिरवं काटेरी झुडूप भिंतीवरून खाली ओथंबलेलं आहे. जळत असूनही भस्म न झालेलं ते हेच, असं तिथले साधू मानतात. जवळ येऊ नकोस, जोडे काढ, असं देव मोशेला म्हणतो. आणि त्याच संभाषणात, माझ्या लोकांचं दुःख मी पाहिलंय, त्यांचा आक्रोश ऐकलाय, मी खाली उतरलोय.

ताईला बूट काढायचे होते. पाय सुजले होते, वाकता येत नव्हतं. मी खाली बसलो आणि तिच्या नाड्या सोडायला लागलो.