माइल्सची मुदत: आधी घड्याळ कुठलं ते बघा

सिंगापूर एअरलाइन्सच्या क्रिसफ्लायर खात्यात ३८,००० माइल्स (प्रवासावर किंवा कार्डाच्या खर्चावर मिळणारे पॉइंट, ज्यांवर विमानाचं तिकीट निघतं) पडून आहेत आणि दोन महिन्यांत त्यांची मुदत संपतेय. कुणीतरी सांगतं, "खात्यात थोडी हालचाल दाखव, माइल्स टिकतात." मग क्रेडिट कार्डावरचे थोडे पॉइंट क्रिसफ्लायरला पाठवले जातात, हजारेक माइल्स जमा होतात आणि जीव भांड्यात पडतो. दोन महिन्यांनी खातं उघडून बघावं तर शिल्लक फक्त ते हजार. जुने ३८,००० गेले.

सल्ला खोटा नव्हता, फक्त दुसऱ्या एअरलाइनचा होता. माइल्स बुडण्याचे जे प्रकार नेहमी कानावर येतात, त्यातले निम्मे तरी असेच असतात. माणूस वेळेत जागा होतो आणि भलताच उपाय करतो.

काही योजनांमध्ये माइल जमा होतो त्या दिवशीच त्याची शेवटची तारीख ठरते, दुधाच्या पिशवीवर छापलेली असते तशी. शेजारी नवी पिशवी आणून ठेवली म्हणून जुनी जास्त टिकत नाही. क्रिसफ्लायर या जातीचं: कमावल्यापासून ३६ महिने. जपानच्या एएनएचं तेच. लुफ्तान्साच्या माइल्स अँड मोअरमध्येही साध्या सभासदाला ३६ महिनेच मिळतात.

दुसऱ्या जातीच्या योजना प्रीपेड सिमसारख्या असतात. मुदतीत एकदा रिचार्ज केलं की अख्खा नंबर चालू राहतो. इथे खात्यात शेवटची हालचाल कधी झाली तिथून मोजणी होते, आणि एक छोटीशी जमा किंवा छोटासा खर्च झाला की सगळ्याच शिलकीची मुदत पुढे सरकते. कतार एअरवेज आणि ब्रिटिश एअरवेजचे एव्हिओस (तिथल्या माइल्सचं नाव) असे आहेत, ३६ महिन्यांचे. कॅथे पॅसिफिकचे एशिया माइल्स १८ महिन्यांचे, एअर कॅनडाच्या एअरोप्लानचे पॉइंटही १८ महिन्यांचे, अमेरिकन एअरलाइन्सचे माइल्स २४ महिन्यांचे. अमेरिकनमध्ये २१ वर्षांखालच्या सभासदाचे माइल्स संपत नाहीत, त्यामुळे मुलांच्या खात्यांची चिंता तेवढी कमी.

तिसरी जात या दोन्हींच्या मधली, आणि फसवाफसवी सगळ्यात जास्त तिथेच. हालचाल चालते, पण ती विमानात बसूनच झाली पाहिजे. एअर इंडियाचा महाराजा क्लब, म्हणजे पूर्वीचं फ्लाइंग रिटर्न्स, याच पद्धतीवर आहे: २४ महिन्यांत निदान एकदा एअर इंडियाने किंवा स्टार अलायन्सच्या, म्हणजे ती ज्या भागीदार एअरलाइन्सच्या गटात आहे त्या गटातल्या, विमानाने प्रवास करून पॉइंट कमवायचे. कार्डावरून पॉइंट पाठवले म्हणजे प्रवास झाला, असं धरून चालू नका.

आणि काहींना घड्याळच नाही: युनायटेड, डेल्टा, साउथवेस्ट, जेटब्लू, व्हर्जिन अटलांटिक. युनायटेडने २०१९ मध्ये मुदत काढून टाकली, डेल्टाने त्याच्याही बऱ्याच आधी.

आता हे आपल्याकडच्या नेहमीच्या चित्राला लावून बघू. मुलगा न्यू जर्सीत, आईबाबा पुण्यात. ते साधारण वर्षाआड एकदा मुंबईहून एअर इंडियाने जातात आणि पाच-सहा महिने राहून येतात. समजा २०२४ च्या ऑक्टोबरात परत आले. घड्याळ तिथून सुरू. २०२६ च्या मे महिन्यात पुन्हा निघाले तर दोन वर्षांच्या आत आहेत, पॉइंट शाबूत. पण त्या वर्षी गुडघ्याचं ऑपरेशन निघालं आणि प्रवास डिसेंबरवर गेला, की चोवीस महिने उलटले. अशा प्रवाशांसाठी सगळ्यात स्वच्छ उपाय म्हणजे एअर इंडियाच्या तिकिटावर युनायटेडच्या माइलेजप्लस या योजनेतला आपला नंबर टाकणं. दोन्ही स्टार अलायन्समध्ये आहेत (एअर इंडिया जुलै २०१४ पासून), त्यामुळे प्रवास एअर इंडियाचा आणि माइल्स युनायटेडच्या खात्यात, हे चालतं. बदल्यात काय सोडावं लागतं? एअर इंडियात वरचा दर्जा मिळवण्यासाठी लागणारी मोजणी. दोन वर्षांतून एकदा जाणाऱ्याला तो दर्जा तसाही मिळणार नसतो. फक्त तिकिटाच्या बुकिंग क्लासचं, म्हणजे भाड्याचा प्रकार सांगणारं, अक्षर बघून घ्या. सगळ्यात स्वस्त भाड्याच्या काही अक्षरांवर भागीदार एअरलाइन फारच कमी माइल्स देते, कधी शून्यही.

नंबर टाकला एवढ्यावर थांबू नका. एजंटच्या सिस्टीममध्ये जुना नंबर साठवलेला असतो आणि चेक-इनच्या वेळी तोच पुन्हा येऊन बसतो. बोर्डिंग पास हातात आला की नावाच्या आसपास दोन अक्षरं आणि पुढे आकडे छापलेले असतात, ते वाचा. एआय असेल तर पॉइंट एअर इंडियाला जाणार, यूए असेल तर युनायटेडला. चूक दिसली तर काउंटरवर मिनिटभरात बदलून मिळते. एकदा चुकीच्या खात्यात जमा झाल्यावर मात्र ते इकडून तिकडे हलवणं जवळपास अशक्य.

क्रिसफ्लायरकडे परत येऊ, कारण भारतातल्या क्रेडिट कार्डांचे पॉइंट बऱ्याचदा तिथेच वळवले जातात. तिथला नियम असा: माइल्स ज्या महिन्यात जमा झाले, तीन वर्षांनी त्याच महिन्याच्या अखेरीस संपतात. ५ जून २०२३ ला आलेले माइल्स ३० जून २०२६ पर्यंत. महिन्याच्या सुरुवातीला आलेल्यांना थोडे दिवस जास्त मिळतात, एवढाच काय तो फरक. खर्च करताना आधी जुने वापरले जातात, तुम्हाला निवड नसते आणि गरजही नसते. खात्यात कुठल्या महिन्यात किती माइल्स संपणार याचा तक्ता दिसतो. एकूण शिल्लक बघून खूश होण्याऐवजी तो तक्ता बघायची सवय लावा.

संपायला आले असतील तर पहिला विचार तिकिटाचा करा. तारखेआधी तिकीट काढलेलं असलं की झालं, प्रवास नंतरचा चालतो. सिंगापूर एअरलाइन्स माइल्सवरच्या जागा ३५५ दिवस आधीपासून देते. म्हणजे जूनमध्ये संपणाऱ्या माइल्समधून पुढच्या मे महिन्याच्या सुट्टीचं तिकीट मुदतीआधीच काढता येतं. स्वतः जायचं नसेल तर घरच्यांसाठी काढा. क्रिसफ्लायरमध्ये पाच नॉमिनी नोंदवता येतात आणि त्यांच्या नावाने तुमच्या माइल्समधून तिकीट निघतं. ही नोंदणी शेवटच्या रात्रीसाठी ठेवू नका. नाव पासपोर्टप्रमाणे अक्षर न अक्षर भरावं लागतं आणि चूक दुरुस्त करण्यात दिवस जातात.

इथे दोन खड्डे आहेत. पहिला वेटलिस्टचा. जागा नसली की वेबसाइट वेटलिस्टचा पर्याय देते, तो घेतला की काम झाल्यासारखं वाटतं. पण वेटलिस्टमध्ये माइल्स कापले जात नाहीत, जागा पक्की होताना कापले जातात. दरम्यान मुदत संपली तर जागा मिळेल, द्यायला माइल्स नसतील. दुसरा खड्डा रद्द करण्याचा. मुदतीआधी काढलेलं तिकीट मुदतीनंतर रद्द केलं, तर परत येणारे माइल्स आपली जुनी तारीख घेऊनच परत येतात, आणि ती तारीख तर उलटून गेलेली असते. म्हणून माइल्स वाचवण्यासाठी काढलेलं तिकीट खरोखर जाणार असाल त्याच तारखेचं काढा.

तिकिटाचं जमत नसेल तर मुदत विकत घ्या. साध्या सभासदाला दर १०,००० माइल्समागे १२ अमेरिकी डॉलर किंवा १,२०० माइल्स भरून सहा महिने वाढवून मिळतात. ४०,००० माइल्स असतील तर ४८ डॉलर किंवा ४,८०० माइल्स. माइल्समध्ये भरलं तर तुम्ही तुमचा एक माइल एका सेंटला विकताय, हे लक्षात घ्या. बिझनेस क्लासच्या तिकिटात माइलमागे त्याहून बरंच जास्त सुटतं, तेव्हा तसा बेत असेल तर डॉलरच भरा. माइल्स एरवीही जास्तच झालेत आणि काही बेत नाही, तर माइल्समधून जाऊ द्या. हे मुदत संपण्याआधी करायचं, आणि एकदा वाढवलेल्या माइल्सना पुन्हा वाढ मिळत नाही. त्या सहा महिन्यांत कुठे जायचं हे ठरलेलं नसेल, तर ४८ डॉलर वाया घालवण्यात अर्थ नाही.

एमिरेट्सच्या स्कायवर्ड्सचा नियम जरा गमतीचा आहे. माइल्स किमान तीन वर्षं चालतात आणि संपतात ते सभासदाच्या वाढदिवसाच्या महिन्याअखेरीस. वर्षातून एकच महिना धोक्याचा, हे लक्षात ठेवायला बरं. नोव्हेंबरात जन्म असेल तर गणपती उठले की स्कायवर्ड्सचं खातं उघडून बघायचं. तिथेही पैसे भरून मुदत वाढते, पण ते महाग पडतं, आधी तिकिटाचा हिशोब घालून बघा.

हालचालीवर चालणाऱ्या योजनांत काम सोपं वाटतं, आणि तिथेच उशीर होतो. हालचाल म्हणजे तुम्ही हॉटेलात राहिलात तो दिवस नव्हे, तर त्याचे पॉइंट खात्यात नोंदले गेले तो दिवस. हॉटेल किंवा भागीदार दुकानांचे पॉइंट यायला कित्येक आठवडे लागतात. तारीख दोन महिन्यांवर आली असेल तर असले लांबचे रस्ते सोडा आणि कार्डावरून थोडे पॉइंट पाठवा, बहुतेक वेळा काही दिवसांत पोचतात. त्याआधी पॉइंट पाठवणं ही त्या योजनेत हालचाल मानली जाते का, हे नियमांच्या पानावर वाचून घ्या. कुठे मानतात, कुठे नाही.

कार्डावरचे पॉइंट उगाच एअरलाइनकडे पाठवून ठेवू नका, हे मात्र ठासून सांगावंसं वाटतं. पाठवलेले पॉइंट परत येत नाहीत, आणि तिकडे पोचले की एअरलाइनचं घड्याळ सुरू होतं. अमेरिकन एक्सप्रेसच्या मेंबरशिप रिवॉर्ड्सना कार्ड चालू असेपर्यंत मुदत नाही. ते क्रिसफ्लायरला पाठवले की तीन वर्षांचे धनी. बँकांनी बोनस जाहीर केला की लोकांचे हात शिवशिवतात. जागा डोळ्यांसमोर दिसत असेल तरच पाठवा. आणि कार्ड बंद करायचं ठरवलं असेल तर पॉइंट आधी बाहेर काढा, कार्डाबरोबर ते बुडतात.

साठवून ठेवण्याला एक आणखी अडचण आहे, तिचा मुदतीशी संबंध नाही. मुंबईच्या जेट एअरवेजची उड्डाणं १७ एप्रिल २०१९ ला थांबली. जेटप्रिव्हिलेज, म्हणजे जेटची माइल्स योजना, ही वेगळी कंपनी होती म्हणून ती वाचली, पुढे इंटरमाइल्स नावाने चालली, पण जेटच्या विमानातली सीट त्या माइल्सवर मिळणं संपलं. नोव्हेंबर २०२४ मध्ये विस्तारा एअर इंडियात विलीन झाली, तेव्हा क्लब विस्ताराचे पॉइंट एकास एक हिशोबाने महाराजा क्लबात आले. ते पॉइंट आले म्हणून स्वस्थ बसलेल्यांनी खात्यातली तारीख एकदा बघावी, कारण आता त्यांना एअर इंडियाचा नियम लागू आहे.

झालेल्या प्रवासाचे माइल्स आलेच नसतील तर ते मागता येतात, बहुतेक ठिकाणी सहा महिने ते वर्षभरात. त्यासाठी १३ आकडी तिकीट नंबर लागतो. पहिले तीन आकडे एअरलाइनचे: एअर इंडिया ०९८, सिंगापूर ६१८, एमिरेट्स १७६, लुफ्तान्सा २२०. पीएनआर चालत नाही. बोर्डिंग पासचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा, छापलेली शाई वर्षभरात उडते.

माइल्स न येण्याचं आपल्याकडचं मोठं कारण नावात आहे. पासपोर्टवर नावाच्या रकान्यात वडिलांचं नावही असतं, म्हणून तिकीट "सचिन दत्तात्रय कुलकर्णी" आणि खातं नुसतं "सचिन कुलकर्णी". दत्तात्रयचं इंग्रजी स्पेलिंग दोन ठिकाणी दोन तऱ्हेचं, हे तर ठरलेलंच. लग्नानंतर आडनाव बदललं पण खातं माहेरच्या नावावर राहिलं, तर माइल्स अडकतात, आणि कार्डावरून पॉइंट पाठवतानाही बँक तेच नाव जुळवते. माइल्स पाठवण्याआधी खात्यातलं नाव पासपोर्टप्रमाणे करून घ्या. कागदपत्रं तपासायला एअरलाइन थोडे दिवस घेते.

खात्याला जोडलेला ईमेलही बघा. मुदतीचे इशारे तिथेच येतात, आणि अनेकांचा ईमेल जुन्या नोकरीचा असतो. परदेशी गेलेल्यांचा ओटीपी बंद पडलेल्या भारतीय नंबरवर जातो, मग शेवटच्या दिवशी खात्यात शिरताच येत नाही.

शेवटच्या दिवसाचं म्हणाल तर क्रिसफ्लायरची रात्र सिंगापूरच्या घड्याळाने संपते. आपण त्यांच्या अडीच तास मागे आहोत. ३० जूनला आपल्याकडे साडेनऊ वाजले, की तिकडे जुलै लागलेला असतो.