पाय नसताना पेटलेला दिवा

जीप ट्रेलरवरून आली, त्यामुळे पहिली तक्रार विचारावीच लागली नाही. बॅटऱ्या उतरलेल्या होत्या. बाकीच्या दोन तक्रारी मालकांनी सांगितल्या. ब्रेकचा दिवा लागत नाही, आणि सात-आठ किलोमीटर गेलं की ब्रेक धरून राहतात. गाडी जड होते, वास येतो. तासभर उभी ठेवली की पुन्हा काही झालंच नाही अशी पळते.

गाडी एम ३८ ए १. अमेरिकी सैन्यासाठी १९५२पासून बनलेली, जिच्यावरून पुढे सीजे-५ ही नागरी जीप आली, ती. सैन्याच्या उपयोगातून बाहेर पडून ती बऱ्याच हातांतून फिरली होती. या मालकांनी मात्र तिच्यावर मनापासून जीव लावला होता. सोबत बिलांची जाड फाईल होती. माझ्या आधी दोन ठिकाणी काम झालेलं. बॅटऱ्यांचे दोन जोड, चार्जिंगवर ताबा ठेवणारा रेग्युलेटर, ब्रेक लाइटचा स्विच, दोन वेळा ब्रेकचे घासले जाणारे लायनर. मी फाईल ठेवून घेतली. जुनी बिलं मी नेहमी वाचतो. कोणी काय बदललं हे कळलं की कोणाला काय दिसलं होतं याचा अंदाज येतो.

सुरुवात बॅटरीपासून केली, कारण इंजिन चालू झाल्याशिवाय पुढचं काहीच तपासता येत नव्हतं. या गाडीत २४ व्होल्ट लागतात. काचेसमोरच्या झाकणाखाली पेटीत १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या असतात. दोन्ही बाहेर काढून वेगवेगळ्या चार्ज केल्या, बसवल्या, इंजिन चालू केलं. दोन टोकांवर मीटर लावला तर २८ व्होल्ट. इथे थांबलो असतो तर चार्जिंग उत्तम आहे असंच म्हणालो असतो. पण जोडीच्या बॅटऱ्यांचं एकत्र माप घेऊन भागत नाही, प्रत्येकीचं वेगळं घ्यावं लागतं. एकीवर १४.९ निघाले, दुसरीवर १३.१.

कारण पेटीतच होतं. चेसिसच्या बाजूच्या बॅटरीवरून कोणीतरी एक वायर काढून डॅशबोर्डखाली नेली होती. मोबाइल चार्ज करायला आणि छोट्या पंख्याला १२ व्होल्ट हवे होते, ते एकाच बॅटरीतून घेतलेले. रेग्युलेटरला फक्त बेरीज दिसते. बेरीज २८ झाली की त्याचं समाधान होतं. मग जिच्यातून वीज काढली जाते ती अर्धपोटी राहते, आणि दुसरीला गरजेपेक्षा जास्त मिळून तिचं पाणी उकळतं. वर्षभरात दोन्ही बाद. नवी जोडी आणा, पुन्हा तेच. ती वायर काढली आणि मालकांना सांगितलं, १२ व्होल्ट हवेच असतील तर पूर्ण २४वरून उतरवणारा कन्व्हर्टर लावू. त्यांनी लगेच मान्य केलं.

मग दिवा. या गाड्यांचा लाइटचा स्विच तीन खटक्यांचा असतो आणि नव्या मालकाला तो हमखास चकवतो. मुख्य खटका बंदवर असेल तर ब्रेकच्या दिव्यापर्यंत वीज जातच नाही. दिवसा चालवताना तो ‘स्टॉप लाइट’ या खुणेवर ठेवावा लागतो. युद्धात अंधारात, शत्रूला न दिसता चालायचं म्हणून ही सगळी रचना. दिवा कधी पेटावा आणि कधी अजिबात पेटू नये, हे चालकाने ठरवायचं. शिवाय या स्विचला वीज थेट बॅटरीवरून येते, इग्निशनशी तिचा संबंध नाही. मालकांना हे ठाऊक होतं. खटका नेहमी ‘स्टॉप लाइट’वरच असतो, गाडी उभी असतानाही, असं ते म्हणाले. ते मी मनात ठेवलं, पण त्या वेळी त्याचा अर्थ लागला नाही.

खटका बरोबर जागी, बल्ब चांगला, मागच्या दिव्याची अर्थिंग चांगली, तरी दिवा नाही. लष्करी वायरिंगची एक गोष्ट मला फार आवडते. प्रत्येक वायरच्या टोकाला पत्र्याची लहान पट्टी असते आणि तिच्यावर सर्किटचा क्रमांक ठोकलेला असतो. रंग उडतात, ग्रीस चढतं, पण क्रमांक राहतो. ब्रेक लाइटच्या स्विचची वायर ७५ नंबरची. ती धरून गाडीखाली गेलो. मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडल दाबलं की ब्रेक ऑइलवर दाब आणणारा भाग, पायाखालच्या पत्र्याच्या खाली, चेसिसला लावलेला, आणि स्विच त्याच्याच मागच्या बाजूला. तिथे ७५ची जोडणी सुटलेली होती. दोन्ही टोकं कोरडी, स्वच्छ, आणि प्रत्येक टोकावर नीट गुंडाळलेली टेप.

टेप पाहून मी थांबायला हवं होतं. आपोआप सुटलेल्या जोडणीला कोणी टेप लावत नाही. पण नवा स्विच बसवताना जोडायची राहिली असेल, अशी मीच माझी समजूत घातली. टेप काढली, टोकं जोडली, हाताखालच्या मुलाला पेडल दाबायला सांगितलं. दिवा झकास लागला. मालक म्हणाले, “एवढंच होतं?” मी म्हटलं, “आता ब्रेक बघू. तुम्ही बसा, मी एक फेरी मारून येतो.”

मुलाला मागे बसवलं आणि निघालो. पेडल उंच आणि कडक होतं. असं पेडल लोकांना आवडतं, ब्रेक जोरात आहेत असं वाटतं. मला ते पहिल्या दाबालाच जरा जास्त कडक वाटलं. पाचव्या किलोमीटरनंतर सपाट रस्त्यावर न्यूट्रल करून पाहिलं, तर गाडी लवकर मंदावत होती. आठव्याला पेडल इंचभरही खाली जाईना. बाजूला घेतली. चाकांच्या चारही ब्रेक ड्रमजवळ हात नेला, एकसारखी धग. हातब्रेकचा प्रश्नच नव्हता, कारण या जीपचा हातब्रेक चाकांवर नसून पुढच्या-मागच्या चाकांना शक्ती वाटणाऱ्या ट्रान्सफर केसच्या मागच्या शाफ्टवर असतो. म्हणजे चाकं धरून ठेवणारं काहीतरी पायाच्या ब्रेकमध्येच होतं.

तेवढ्यात मागून मुलगा म्हणाला, “दादा, पाय काढा की, दिवा चालूच आहे.”

माझे दोन्ही पाय जमिनीवर होते. मी गाडीच्या बाहेर उभा होतो.

पहिला विचार आला तो असा की स्विच गेला. नवा असला म्हणून काय झालं, नवेही खराब निघतात. त्याच्या वायरीकडे हात नेत होतो, आणि तिथेच टेप आठवली. माझ्या आधी कोणीतरी नेमका इथे, याच अवस्थेत, याच दिव्याकडे बघत उभं होतं. त्याने स्विच बदलला. दिवा तरी चालूच राहिला. मग त्याने वायर काढली आणि टोकांना टेप लावली. बॅटरी का उतरते याचं उत्तर त्याला मिळालं होतं. मालक खटका ‘स्टॉप लाइट’वर ठेवून तापलेली गाडी उभी करणार, इग्निशन बंद असूनही दिवा जळत राहणार, आणि आधीच अर्धपोटी असलेली बॅटरी त्यात आणखी खाली जाणार. वायर काढली की दिवा बंद. त्याच्यापुरतं काम झालं.

पण हा स्विच पेडलला जोडलेला नसतोच. पेडल वर आहे की खाली, हे त्याला कळत नाही. तो ब्रेक ऑइलच्या दाबावर चालतो. पाइपात दाब आला की आत पडदा सरकतो आणि दोन टोकं जुळतात. पाय नसताना दिवा पेटलाय याचा सरळ अर्थ, पाय नसताना पाइपात दाब आहे. दोन्ही स्विच चांगलेच होते आणि दिवा खरं तेच सांगत होता. इतक्या गाड्या हाताखालून गेल्या, तरी ब्रेकची तक्रार आणि दिव्याची तक्रार मी तोवर दोन वेगळ्या रकान्यांत ठेवून बसलो होतो.

खात्री करणं सोपं होतं. मुलाला दिव्याकडे बघायला लावलं, डोळ्यांना चष्मा लावला, जाड कापड धरलं आणि मास्टर सिलिंडरमधून निघणाऱ्या पाइपचा नट पान्याने जेमतेम सैल केला. ऑइलची चिळकांडी कापडात आली आणि त्याच क्षणी मुलगा ओरडला, “गेला!” गाडीला धक्का दिला, चारही चाकं मोकळी. एखादंच चाक धरलं असतं तर त्याचा होज, म्हणजे रबरी नळी, आतून फुगला असेल किंवा चाकातला व्हील सिलिंडर अडकला असेल असं म्हणता आलं असतं. चारही एकदम धरतात आणि इथे सैल केलं की एकदम सुटतात, म्हणजे दोष मास्टर सिलिंडरपाशी किंवा त्याच्या अलीकडे. ड्रम ब्रेकच्या पाइपात थोडा दाब मुद्दाम राहू देणारा व्हॉल्व्ह असतो खरा, पण तो दाब इतका कमी असतो की त्याने ना दिवा लागतो, ना चाक धरतं.

मास्टर सिलिंडरमध्ये टाकीकडे जाणारं एक अगदी बारीक भोक असतं. पाय काढला की पिस्टन पूर्ण मागे येतो आणि हे भोक उघडतं. पाइपातलं जास्तीचं ऑइल त्यातून टाकीत परत जातं. भोक झाकलेलं राहिलं तर ऑइलला परतीची वाट नाही. ड्रमच्या उष्णतेने ते फुगतं, फुगलं की ड्रमला आतून धरणारे शू आणखी दाबतात, दाबले की आणखी उष्णता. याचा शेवट वाईट असतो. डॉट ३ या दर्जाचं ताजं ब्रेक ऑइल किमान २०५ अंश सेल्सियस सोसतं, पण हे ऑइल हवेतली ओल शोषतं आणि मग ही मर्यादा १४०पर्यंत खाली येऊ शकते. ऑइल उकळलं की पाइपात वाफ होते, आणि इतका वेळ दगडासारखं असलेलं पेडल एकदम तळाला जातं. या गाडीत चारही चाकांना मिळून ब्रेकचं एकच सर्किट. दुसरं राखीव नाही. ही जीप घाटात उतरत असती तर, हा विचार मला दिवसभर सोडत नव्हता.

गाडी गार होऊ दिली आणि हळूहळू परत आणली. पाण्यातून जाता यावं म्हणून या जीपच्या मास्टर सिलिंडरच्या टाकीला श्वास घ्यायला नळी दिलेली असते. ती बुजली असेल तर टाकीतच दाब साठतो, म्हणून आधी ती फुंकून पाहिली. मोकळी होती. मग पेडल हाताने दाबलं. पुश रॉड, म्हणजे पेडलकडून पिस्टनला ढकलणारा दांडा, पिस्टनला टेकण्याआधी पेडल सुमारे अर्धा इंच रिकामं सरकायला हवं. इथे अजिबात नाही. पुश रॉडच्या आट्यांवर ताजी चमक होती. कोणीतरी तो लांब केला होता.

का केला असावा तेही ड्रम काढल्यावर दिसलं. लायनर नवे, पण शू ड्रमपासून फार लांब. ते जवळ आणायचे ते चाकावरच्या एक्सेंट्रिक बोल्टने. त्यासाठी प्रत्येक चाक उचलून, फिरवून, थोडं घासेपर्यंत आणून पुन्हा जरासं सैल करावं लागतं. ते न करता पुश रॉड लांब केला की पेडल पाच मिनिटांत उंच येतं. मालकाला बरं वाटतं आणि पिस्टन कायमचा त्या भोकावर येऊन बसतो. ब्रेकच्या कामातली ही चूक मला सगळ्यात जास्त चीड आणते, कारण ती काम चांगलं झाल्याचा भास देते.

शू नीट लावले, पुश रॉड मागे घेतला, अर्धा इंच मोकळा मिळाला. टाकीचं झाकण काढून आत टॉर्च मारला आणि मुलाला पेडल दाबून सोडायला सांगितलं. सोडताना भोकातून ऑइलची बारीक उसळी दिसायला हवी. दिसली नाही. पुन्हा दाबलं, पुन्हा काही नाही. मग मास्टर सिलिंडर खोलावाच लागला. आतला रबर कप फुगून मऊ झाला होता, कडेला बोटाने दाबलं तर ठसा राहत होता. पिस्टन मागे आला तरी कपची कड भोकावरच राहत होती. ब्रेक ऑइलचा रंग तपकिरी, आणि वास ब्रेक ऑइलचा नव्हता. कधीतरी कोणीतरी भलतंच तेल टाकलं होतं.

मालकांशी बोलणं अवघड गेलं. त्यांना चार दिवसांनी गाडी एका प्रदर्शनात न्यायची होती. ते म्हणाले, “कप बदला, ऑइल बदला, बाकी नंतर करू.” मी नाही म्हटलं. जे तेल या कपपर्यंत पोचलं ते चारही चाकांपर्यंत आणि सगळ्या होजपर्यंत पोचलेलं. एका ठिकाणचं रबर फुगलंय म्हणजे बाकीचं ठीक असेल असं मी कागदावर लिहून देऊ शकत नव्हतो. “एकच सर्किट आहे. एक होज फुटला तर तुमच्या हातात फक्त हातब्रेक राहील,” एवढंच मी सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. रागावले होते हे दिसत होतं. मग म्हणाले, “प्रदर्शन पुढच्या वर्षीही असतं.”

पाइप अल्कोहोलने धुऊन वाळवले. सगळे कप, सगळे होज नवे. मास्टर सिलिंडरचं भोक तांब्याच्या वायरीच्या एका तारेने साफ केलं. तिथे ड्रिल कधीच घालू नये, भोक मोठं झालं किंवा त्याला धार राहिली तर नवा कप कापला जातो. सिलिकॉनचं डॉट ५ घालावं का, यावर मालकांशी चर्चा झाली. अमेरिकी सैन्याने ते १९८०च्या दशकात स्वीकारलं, ते पाणी शोषत नाही, आणि महिनोन्महिने उभ्या राहणाऱ्या गाडीला ते सोयीचं आहे. पण ते साध्या ब्रेक ऑइलमध्ये मिसळायचं नसतं, आणि या गाडीत पुढे कोण काय ओतेल याचा भरवसा नव्हता. आम्ही डॉट ४ घातलं, आणि काय घातलं व कोणत्या तारखेला, हे पत्र्याच्या पट्टीवर ठोकून झाकणाजवळ अडकवलं.

सातव्या दिवशी त्याच रस्त्यावर गेलो, या वेळी मालक शेजारी आणि मुलगा मागे. आठव्या किलोमीटरला उतरलो. ड्रम कोमट, हात ठेवता येत होता. बॅटऱ्या एकीवर १४.१, दुसरीवर १४. मालक चालकाच्या जागेवर बसले, पेडल दाबलं, सोडलं.

“लागला,” मुलगा म्हणाला. “गेला.”

त्यांनी पुन्हा दाबलं, पुन्हा सोडलं. मग आणखी तीन-चार वेळा, आणि प्रत्येक वेळी मागून येणारा शब्द ऐकून घेतला.