आउटबॉक्समध्ये अडकलेली मेंटेनन्सची बिलं

'मेल जात नाहीये' असं कुणी म्हणालं की मी हल्ली लगेच विचारतो, जात नाहीये म्हणजे काय? आउटबॉक्समध्येच बसलंय, जाऊन परत आलंय, की गेलंय पण समोरच्याला दिसत नाहीये? सेक्रेटरी झाल्यापासून ह्याला उलटतपासणीची सवय लागली, असं बिल्डिंगमध्ये बोललं जातं. बोलू देत. हे तीन वेगळे आजार आहेत आणि त्यांचे डॉक्टरही वेगळे.

मुलुंड पूर्वेला गव्हाणपाड्यात आमची सोसायटी. तिच्या नावाचं डोमेन (ईमेल पत्त्यात ॲटच्या पुढे येतं ते नाव) आहे, एका मेंबरच्या मुलाने कॉलेजात असताना हौसेने करून दिलेली वेबसाइट आहे. साइटकडे कुणी ढुंकून बघत नाही, पण त्या डोमेनवरचा मेल आयडी मात्र रोज लागतो. तिमाही मेंटेनन्सची बिलं, टाकी धुण्याची सूचना, वार्षिक सभेची नोटीस, सगळं त्यावरून. जिन्याखालच्या ऑफिसातल्या संगणकावर थंडरबर्ड हे मेलचं सॉफ्टवेअर टाकलेलं आहे आणि खजिनदार बाई आणि मी ते आळीपाळीने वापरतो.

मार्चअखेरीस कमिटीने इंटरनेट बदललं. नवा प्रोव्हायडर जवळचाच, स्वस्त, आणि सीसीटीव्हीची लाइनही त्यातच देणारा. एप्रिलची बिलं पाठवायला बसलो तर सगळी आउटबॉक्समध्ये. थोडा वेळ गोल फिरायचं आणि मग 'सर्व्हरशी जोडणी झाली नाही'. गंमत म्हणजे येणारी मेल व्यवस्थित येत होती. 'पाणी कमी येतं' ही तक्रार तर वेळेवर आली.

प्रोव्हायडरला फोन केला. 'अंकल, नेट तो चल रहा है ना? स्पीड टेस्ट करके भेजो.' पाठवली. स्पीड उत्तम. तिकीट बंद. वेब होस्टकडे, म्हणजे ज्यांच्या सर्व्हरवर आमची साइट आणि मेल असते त्यांच्याकडे, चॅटवर गेलो तर त्यांचं म्हणणं, आमचा सर्व्हर चालू आहे, तुमच्या इंटरनेटवाल्याला विचारा. मी बँकेत बॅक ऑफिसला आयुष्य काढलंय. दोन खाती एकमेकांकडे बोट दाखवतात तेव्हा कागद नेमका कुठल्या टेबलावर अडकलाय ते आपणच शोधायचं असतं.

मेल येतंय पण जात नाही, ह्यात चमत्कार काही नाही. येण्याचा आणि जाण्याचा रस्ता वेगळा असतो. येणारी मेल आम्ही आयमॅप ह्या पद्धतीने घेतो, त्याचं पोर्ट, म्हणजे सर्व्हरच्या दरवाजाचा नंबर, ९९३. जाणारी एसएमटीपी ह्या पद्धतीने जाते, आणि आमच्या जुन्या सेटिंगमध्ये तिथे पोर्ट २५ होतं. आधीच्या प्रोव्हायडरने ते उघडं ठेवलं होतं, नव्याने बंद ठेवलंय. एवढंच.

पण बंद का, हे समजून घेतल्यावर माझा प्रोव्हायडरवरचा राग निम्मा उतरला. एसएमटीपीचे नियम जॉन पोस्टेल यांनी १९८२ मध्ये लिहिले. तेव्हा नेटवर्कवर मोजकी विद्यापीठं आणि संशोधनसंस्था. तू कोण, पासवर्ड काय, असं विचारण्याची सोय त्यात नव्हती. पुढे घरोघरी विंडोज आलं, संगणकांना व्हायरस लागले, आणि मालकाला पत्ता न लागता त्याच्याच लाइनवरून पोर्ट २५ ने जगभर स्पॅम जाऊ लागला. तेव्हा पुष्कळ प्रोव्हायडरांनी घरगुती जोडण्यांवर हे पोर्ट बंद केलं. सर्व्हरने सर्व्हरशी बोलायला २५. माणसाने आपल्या सर्व्हरकडे मेल सोपवायला ५८७, आणि तिथे पासवर्ड मागितला जातो. हे ५८७ १९९८ मध्येच ठरलं होतं. ४६५ ची कथा तर आमच्या पार्किंगच्या ठरावासारखी आहे: आधी दिलं, मग काढून घेतलं, आणि २०१८ मध्ये रीतसर परत दिलं.

मी व्हीएसएनएल ह्या तेव्हाच्या सरकारी कंपनीच्या जमान्यातला माणूस. १५ ऑगस्ट १९९५ ला त्यांनी सामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. त्या काळी जाणारी मेल ज्याची लाइन त्याच्याच सर्व्हरमधून जायची. म्हणून मेलची तक्रार प्रोव्हायडरकडे करायची ही आमच्या पिढीची सवय. आजच्या गल्लीतल्या फायबरवाल्याकडे बहुधा स्वतःचा मेल सर्व्हरच नसतो, त्याला एसएमटीपीबद्दल विचारणं म्हणजे वॉचमनला ऑडिट रिपोर्ट मागणं.

तपासायचं कसं? विंडोजमध्ये पॉवरशेल उघडून 'टेस्ट-नेटकनेक्शन' ही आज्ञा द्यायची, पुढे आपल्या मेल सर्व्हरचं नाव आणि '-पोर्ट' लिहून पोर्टचा आकडा. २५ ला उत्तर 'फॉल्स', म्हणजे बंद, ५८७ ला 'ट्रू', म्हणजे उघडं. हे दोन ओळींचं उत्तर हातात आल्यावर कुणाशी वाद घालायची गरजच उरली नाही. थंडरबर्डमध्ये पोर्ट ५८७, सुरक्षा 'स्टार्टटीएलएस', ओळख 'नॉर्मल पासवर्ड' केलं. (४६५ घ्यायचं असेल तर तिथे 'एसएसएल-टीएलएस' निवडावं लागतं. पोर्ट एकाचं आणि सुरक्षा दुसऱ्याची लावली की पुन्हा गोल फिरणं आलं.) त्यावर ५३५ असा आकडा आला तर घाबरू नये, सर्व्हरपर्यंत पोचलात, फक्त नाव किंवा पासवर्ड पटलेला नाही. बऱ्याचदा युजरनेममध्ये पूर्ण ईमेल पत्ता घालायचा असतो आणि लोक ॲटच्या आधीचाच भाग घालतात.

मधल्या काळात प्रोव्हायडरचा माणूस येऊन 'स्टॅटिक आयपी ले लो, सब सॉल्व हो जाएगा' सांगून गेला. म्हणजे जोडणीला कायमचा, न बदलणारा पत्ता. वर्षाचे पैसे वेगळे. आम्ही घेतला नाही आणि तुम्हीही ह्या कारणासाठी घेऊ नका. आपण होस्टच्या सर्व्हरकडे पासवर्ड देऊन मेल सोपवतो, पुढे जगाला दिसतो तो त्या सर्व्हरचा पत्ता. आपल्या घरच्या आयपीचं त्यात फारसं काही नसतं. एक अपवाद सांगतो. स्पॅमहाउस नावाच्या संस्थेच्या याद्यांमध्ये एक यादी आहे, पीबीएल. ज्या आयपींवरून थेट मेल पाठवणं अपेक्षित नाही असे पत्ते त्यात असतात, घरगुती जोडण्यांचे तर सर्रास. त्या यादीत आपलं नाव असणं हा गुन्हा नाही. पण एखाद्या होस्टचा सर्व्हर पासवर्ड मागायच्या आधीच ही यादी बघत असेल तर आपल्याला उगीच हाकलून देतो. तसं झालं तर चूक होस्टची, आणि ती त्यांनाच दुरुस्त करायला लावायची.

बिलं निघाली. आउटबॉक्स रिकामा. खजिनदार बाईंनी चहा सांगितला, तो येईपर्यंत परतीची टपाल सुरू झाली.

जीमेलवरच्या मेंबरांची बिलं परत आली, बाकीच्यांची नाही. आता हा दुसरा आजार. परत आलेलं मेल लोक वाचत नाहीत, इंग्रजीत लांबलचक असतं म्हणून सरळ उडवून टाकतात. तसं करू नका. सगळं निदान त्यातच लिहिलेलं असतं. आमच्यात होतं ५५० आणि पुढे ५.७.२६. म्हणजे पाठवणारा खरंच ह्या डोमेनचा आहे हे सिद्ध झालं नाही. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलने सगळ्याच पाठवणाऱ्यांना एसपीएफ किंवा डीकेआयएम (मेल खरंच त्या डोमेनचं आहे हे पटवणारे दोन पुरावे) ह्यांपैकी निदान एक हवंच असं केलंय. दिवसाला पाच हजारांवर मेल पाठवणाऱ्यांना दोन्ही, वर डीमार्क, म्हणजे ही तपासणी फसली तर मेलचं काय करायचं ते सांगणारी नोंद. आमची सोसायटी काही पाच हजारवाली नाही, पण एक तरी हवं ना.

एसपीएफ म्हणजे डोमेनच्या डीएनएसमधली, म्हणजे जगाला दिसणाऱ्या नोंदवहीतली, एक ओळ: आमच्या नावाने अमुक सर्व्हरच मेल पाठवू शकतात. ती ओळ आमच्याकडे होती, पण जुनी. होस्टने हिवाळ्यात जाणारी मेल वेगळ्या गेटवेमधून (मेल बाहेर सोडणाऱ्या सर्व्हरमधून) सोडायला सुरुवात केली होती आणि ओळीत अजून जुन्या सर्व्हरचा आकडा. डीकेआयएम म्हणजे मेलवरची डिजिटल सही, ती पडताळायची चावी डीएनएसमध्ये लावायची असते. ते होस्टच्या पॅनलमध्ये हिरवं दिसत होतं, पण त्याचा काही उपयोग नव्हता, कारण आमचं डोमेन घेतलंय एकाकडे आणि होस्टिंग दुसऱ्याकडे. डीएनएस चालतं डोमेनवाल्याकडे. होस्टने चावी तयार केली, पण ती जगाला दिसेल अशा जागी कुणी लावलीच नाही. ही भानगड अनेक छोट्या धंद्यांची असते. दादरचे माझे एक कार्डवाले मित्र आहेत, लग्नपत्रिका छापतात, त्यांचंही हेच निघालं.

होस्टला ह्या वेळी मी आकड्यासकट लिहिलं: परत आलेल्या मेलचा पूर्ण मजकूर आणि एकच प्रश्न, तुमची जाणारी मेल कुठल्या गेटवेतून जाते आणि एसपीएफमध्ये कुठला 'इन्क्लूड' (त्या गेटवेची यादी जोडून घेणारा भाग) लिहायचा? 'मेल जात नाही' ला जे उत्तर मिळालं होतं त्याहून फार वेगळं आणि फार लवकर उत्तर आलं.

ओळ बदलताना दोन गोष्टी सांभाळायच्या. एका डोमेनला एसपीएफची ओळ एकच. जुनी तशीच ठेवून खाली नवी टाकली तर दोन्ही बाद धरतात. आणि त्या ओळीतून डीएनएसमध्ये करावे लागणारे शोध दहाच्या वर जाता कामा नयेत, नाहीतर तीही बाद. डीकेआयएमची चावी लांब असते आणि डीएनएसच्या मजकुरातला एक तुकडा २५५ अक्षरांपेक्षा मोठा चालत नाही, म्हणून आमच्या डोमेनवाल्याच्या पानावर ती दोन तुकड्यांत, अवतरणचिन्हांत घालावी लागली.

मग स्वतःच्याच जीमेलवर एक मेल पाठवलं, तीन टिंबांवर टिचकी मारून 'शो ओरिजिनल' उघडलं. एसपीएफ पास, डीकेआयएम पास. बिलं पुन्हा सोडली, पण एकदम नाही, टप्प्याटप्प्याने. सामायिक होस्टिंगवर तासाला किती मेल जाऊ शकतात ह्याची मर्यादा असते, कारण त्याच सर्व्हरवर आपल्यासारखे कितीतरी भाडेकरू असतात आणि एकाने स्पॅम केला की सगळ्यांचं नाव खराब होतं.

एक किरकोळ पण वैतागवाणी गोष्ट राहिली. कधी थंडरबर्ड 'सेंट फोल्डरमध्ये प्रत ठेवत आहे' म्हणत अडकतं. त्या वेळी मेल गेलेलं असतं, अडकलेली असते ती फक्त प्रत. लोक पुन्हा 'सेंड' दाबतात आणि मेंबर दोन बिलं घेऊन ऑफिसात उभा.

आता तिसरा आजार, गेलंय पण दिसत नाही. जुलैच्या कमिटी मीटिंगमध्ये हा निघाला, व्याजावरून. थकबाकीवर व्याज सर्वसाधारण सभेने ठरवलेल्या दराने लागतं, पोटनियमांतल्या कमाल मर्यादेच्या आत. एप्रिलचं बिल मिळालंच नाही, मग व्याज कसलं, असं तिसऱ्या मजल्यावरच्या काकांचं म्हणणं. ज्यांची मेल खरंच परत आली होती त्यांना उशिराचं व्याज माफ करायचं हे आधीच ठरलं होतं. काकांचा पत्ता त्या यादीत नव्हता.

होस्टच्या पॅनलमध्ये 'ट्रॅक डिलिव्हरी' असतं. ते लॅपटॉपवर उघडून मीटिंगमध्येच फिरवलं. काकांच्या पत्त्यासमोर २५०, म्हणजे त्यांच्या बाजूच्या सर्व्हरने मेल स्वीकारलं, तारीख आणि वेळेसकट. काकांनी फोन काढला, चेअरमननी स्पॅम फोल्डर उघडून दिला. बिल तिथेच होतं, त्याच्या वर-खाली दोन लॉटऱ्या. व्याज नव्वद रुपयांच्या आसपास निघालं. ते काकांनी ऑक्टोबरच्या बिलात लावा म्हणून सांगितलंय, आणि ऑक्टोबरचं बिल छापील हवंय.